काट मारलेलं अक्षर

साल २०२३, माझं वय त्र्याहत्तर. सागाची पेटी मांडीवर घेऊन मी तिसगावहून नेवाशाला निघालो. माझी नात वैशाली नॉर्वेत नांदते. तिची सासू, सोल्वीबाई, लाकडावर फुलं रंगवते (तिकडे त्याला रोसेमालिंग म्हणतात). दोघी नेवाशाला माझ्या लेकीकडे आल्या होत्या. बाईनं मोबाईलवर वेलीचा नमुना आणि हातानं लिहिलेलं आपलं नाव पाठवलं होतं. पेटीवर कोरायचं मी, रंगवायचं तिनं. शाळा माझी दुसरीपर्यंत. पण नमुना समोर असला की कुठलंही अक्षर उतरवतो, असं मी नातीला फोनवर ठणकावून सांगितलं होतं.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, पेटी मागं ठिवा."

"तिचंबी तिकीट फाडा. मांडीवरून उतरनार न्हाई."

शेजारची बाई हसली. "नवरी हाय का आत?"

"विहीन हाय," मी म्हणालो.

शेवगावला गाडी बदलली. कुकाण्यापुढे दोन्ही अंगांना ऊस लागला. आमच्या उजाड माळाला सरावलेले डोळे निवले.

नेवाशात लेकीनं पिठलं-भाकरी वाढली, पण मी आधी पेटीवरचं फडकं सोडलं. सोल्वीबाई वेलीवरून बोट फिरवत राहिली. वैशाली मात्र नावापाशी थांबली.

"आबा, ह्या गोलावरची तिरपी रेघ कुठाय?"

"ती काट हुती. बाईनं चुकलेलं अक्षर खोडलेलं. मी नीट गोल काढला."

"अवो, खोडलं न्हाई. त्यांच्यात ते अक्षरच तसं असतंय. रेघ न्हाई तर नाव दुसरंच हुतं."

दोन महिने खपलो आणि विहिणीचं नावच चुकवलं! पेटी उजेडात नेली, बघितलं, आणि जीव भांड्यात पडला. लाकूड जास्त गेलं असतं तर भरता आलं नसतं. इथं कोरायचंच राहिलं होतं.

पटाशी घरी राहिलेली. चौकातल्या सुताराकडे गेलो.

"हत्यार उसनं देत न्हाई बाबा. बसा, मी मारतो रेघ."

"रेघ माझी हाय. तू उभं राहून बघ."

त्यानं माझ्या हाताचे घट्टे पाहिले, पटाशीला धार लावली आणि पुढं केली. श्वास धरून रेघ ओढली. सरळ आली.

घरी सोल्वीबाई नाव वाचून काहीतरी बोलली. वैशाली म्हणाली, "इमानाच्या तिकिटावरबी ती रेघ नव्हती म्हनत्यात. तुमी घातली."

मग मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, वैशालीला कागद घेऊन बसवलं आणि त्यांची सगळी अक्षरं काढायला लावली.

"काट मारलेली किती?"

"एकच, आबा. पन एकाच्या डोक्यावर बारका गोल हाय."

"ते आधी काढ," मी म्हणालो.