नकाशा तेवढा वाचून दाखवला नाही

सोमाआजी आज सकाळी गेली.
आणि मला तिच्या मातीला जायची भीती वाटते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सानगडीच्या पुढे जंगलाला लागून गोंड वस्ती आहे, तिथली ही म्हातारी सुईण. माझ्या पीएचडीतलं अर्ध्याहून जास्त ज्ञान तिचं. कव्हरवर नाव मात्र माझं एकटीचं.

वस्तीने पहिल्याच दिवशी अट घातली होती. जे लिहाल ते आधी आम्हाला वाचून दाखवा. आम्ही काढा म्हटलं की काढायचं.

तसंच केलं. एकेक चॅप्टर मी समाजमंदिरात मोठ्याने वाचायची. आजी पाय पसरून, डोळे मिटून बसायची. मला वाटायचं, झोपली. तेवढ्यात आवाज यायचा, "हे काट."

"काहून आजी?"

"बाळंतिणीच्या मुळीचं नाव लिव, काम लिव. जागा कायले लिवून राहिली? लोकं येतीन अन् सारं उपटून नेतीन."

मी तिच्यासमोर ती ओळ खोडली.

पण थीसिसच्या शेवटी नकाशा होता. त्यावर त्या जागेचा ठिपका, मीच लावलेला.
नकाशा मोठ्याने वाचता येत नाही. म्हणून तो वाचलाच नाही. फसवायचं नव्हतं हो, डोक्यातच आलं नाही.

थीसिस ऑनलाइन आहे. गेल्या आठवड्यात तो ठिपका दिसला. लगेच युनिव्हर्सिटीला मेल केला, नकाशा काढा. उत्तर आलं, प्रोसेसला वेळ लागेल.

रविवारी आजीला सांगायला जाणार होते. गेले नाही. म्हटलं, नकाशा निघू दे, मग सांगू. भित्री आहे मी, लिहूनच टाकते.

आज तिच्या सुनेचा, रेखाताईचा फोन आला. आजी गेल्याचं सांगितलं, मग रडता रडता म्हणाली,

"परवा दोघं गाडी घेऊन आलते ताई. मुळी पाहिजे म्हने. हातात नकाशा होता. तुमचंच नाव घेऊन राहिले होते."

मी विचारलं,
"मग?"

"आजी खाटेवरून उठली ना! त्यायले हाकललं. म्हने, हा कागद आमच्या पोरीचा नाई. आमची पोरगी वाचून दाखवल्याबिगर कागद भायेर काढत नाई."

ती माणसं परत येतील. आता त्यांना अडवायला आजी नाही.

मी निघते आहे. वस्तीसमोर सगळं सांगणार आहे.

आजी, तो कागद माझाच होता.

तुला शेवटचा जोहार.