तिसरा हिरवा दिवा

बाभुळगावच्या एसटी स्टँडमागे इकबालचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याची मुलगी तमन्ना शाळा सुटली की तिथंच येऊन बसायची. ट्रॅक्टरचा एखादा हेडलाइट पेटत नसला की मालकाला घाई. "इकबालभाई, बल्ब गेला असन. टाका नवा."

"असन म्हणून चालते का भाऊ? पाहू तं द्या." इकबाल पेटत्या बाजूचा बल्ब काढून बंद बाजूला लावायचा. पेटला तर बल्बच गेलेला. नाही पेटला तर दुखणं आत.

ही पोर विमान चालवायला शिकणार म्हटल्यावर शेजारची लीलाबाई म्हणाली, "आधी स्कूटी तं नीट चालव! परवा गटारात गेलती."

"मावशी, वर गटारं नसतेत," तमन्नानं सांगितलं, आणि गेलीच.

शिकत असतानाच एके दिवशी ती यवतमाळजवळच्या धावपट्टीवर एकटीच उतरत होती. चाकं बाहेर काढायचा दांडा तिनं खाली केला. चाक खाली येऊन खटका पक्का बसला की त्याचा हिरवा दिवा लागतो. तीन चाकं, तीन दिवे. लागले दोनच. डाव्या चाकाचा दिवा विझलेला. खटका बसला नसेल तर टेकताक्षणी चाक दुमडणार आणि विमान पंखावर घसरत जाणार.

तिनं विमान परत वर घेतलं. मग धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवर एक फेरी मारली. जमिनीवरून तिच्या शिक्षिका समीक्षा मॅडमनी दुर्बिणीतून पाहिलं आणि रेडिओवर म्हणाल्या, "चाक खाली दिसतंय, तमन्ना. खटका बसला का, ते मात्र इथून कळत नाही."

"दिसते म्हणून चालते का मॅडम?" तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "पाहू द्या मले."

उंचावर जाऊन तिनं विमान सरळ धरलं. एका हातानं उजव्या दिव्याचा बल्ब फिरवून काढला. बोटं घामानं ओली झालेली. बल्ब निसटून पायांखाली गेला असता तर शोधणार कोण? ओठ दाबून तिनं डावा बल्ब काढला आणि त्याच्या खाचेत हा बसवला.

हिरवा झाला.

तरी उतरताना तिनं उजवं चाक आधी टेकवलं, डावं अलगद, सगळ्यात शेवटी. चाकानं भार घेतला.

संध्याकाळी तिनं तो गेलेला बल्ब इकबालच्या हातावर ठेवला, सगळं सांगितलं. त्यानं तो कानाशी नेऊन हलवला.

"गेलाच हा," तो म्हणाला, आणि बराच वेळ मुठीत धरून बसला.