दोघांचा एकत्र फोटो

नोव्हेंबर लागला की गडचिरोलीच्या एका फोटो स्टुडिओतला पावडरचा वास मला आठवतो. वडील धानोऱ्याला वनरक्षक होते. निवृत्ती सहा महिन्यांवर आली, तेव्हा ऑफिसनं पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो मागितला. आई नवं लुगडं नेसून हौसेनं एसटीत बसली, मीही सोबत होतो. स्टुडिओत तिनं सहज विचारलं, "पेन्सन तुमची, मंग माहा फोटो काऊन?" वडील भांग पाडत म्हणाले, "मी गेल्यावर ते तुले भेटन. तवा साहेबाले तुही वळख पटाले पायजे." आई ताडकन उठली. "मले नाई काढाचा," म्हणत दाराशी गेली. कागद अडकतील या धास्तीनं वडील भांग अर्धाच सोडून तिच्यामागं दाराशी आले. तो अर्धा भांग पाहून ती परत येऊन बसली. पण फोटोवाला "बाई, इकडे पाहा" म्हणत राहिला आणि ती वडिलांकडेच पाहत राहिली. तसाच फोटो निघाला, एक प्रत वडिलांनी खिशात ठेवली. पुढे आईच आधी गेली. आता दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी वडिलांना बँकेत नेतो. सही झाली की ते खिशातून तो फोटो काढतात आणि खिडकीतल्या बाईंना हळूच विचारतात, "हिचा दाखला नाई लागत का?"