भांडायची भाषा

केनवडच्या स्टँडमागे मंजुषाचं पार्लर आहे. आसपासच्या गावांतल्या नवऱ्या तीच सजवते. भुवई कोरताना दोऱ्याचं टोक दातात असलं तरी तिचं बोलणं थांबत नाही. अशा मुलीला स्थळ मीच सुचवलं होतं. अनुप, माझ्या माहेरचा, कारंज्याचा. वाशीमला बँकेत नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा घरच्यांना पसंत पडला, फक्त मंजुषा होकार देईना. शेवटी तिच्या आईनं मला भुवयांच्या निमित्तानं तिच्याकडे पाठवलं.

"मुलात खोट काय आहे गं?" मी खुर्चीत मान टाकून विचारलं.

"काहीच नाई वं काकू. लय चांगला हाये."

"मग?"

"मले म्हने, 'आपणांस वाचनाची आवड आहे का?' आपणांस! मी मागं वळून पाह्यलं, कोनी साहेब आले का म्हनून."

"अगं, शिकलेला आहे."

"पन जनमभर मी भांडू कोन्या भाषेत? मी म्हनन, 'काहून उशीर केला?' तो म्हनन, 'क्षमस्व.' भांडन तिथंच मरते ना!"

मला हसू फुटलं, आणि भुवई अंमळ जास्तच कोरली गेली. तेवढ्यात अनुपच्या आईचा, विमलबाईंचा फोन आला. माझे दोन्ही हात पापणी ताणण्यात गुंतलेले, म्हणून मंजुषानंच स्पीकर लावून दिला.

"निता, पोट्टी गुनाची हाये वं, पन आमचा अनुप अडून बसला," विमलबाई म्हणाल्या. "म्हनते, थे त बातम्या वाचल्यावानी बोलते. 'मला पाककलेत रुची आहे' म्हने. असी बायको आली त घरात हसाचं कोनासंग?"

मंजुषाच्या दातातला दोरा गळाला. पाहण्याच्या आदल्या रात्री 'शुद्ध बोलजो' असा दम दोन्ही घरी मिळालेला दिसत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "पाककला? तुला तर चहा उतू जातो."

"मायनं पाठ करून घेतलं होतं," ती पुटपुटली. मग स्वतःच्या मोबाइलवरून तिनं थेट अनुपला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"काहून जी, मी बातम्या वाचते काय?"

पलीकडून अनुप उसळला, "अन् तुमी मागं वळून कोनाले पाहून राह्यल्या होत्या? घसा सुकला ना माहा!"

"मंग 'आपणांस' कायले म्हनलं?"

"तुमी 'रुची' काहून म्हनलं?"

बोलत बोलत ती पायरीवर जाऊन बसली. बऱ्याच वेळानं दारातून डोकावून, फोनवर हात ठेवून म्हणाली, "काकू, मायले हो म्हना." आणि पुन्हा भांडायला गेली.

मी एकाच कोरलेल्या भुवईनिशी घरी आले.