तंबाखूचा टी, निपाणीचा एन

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी बेळगावात, कॅम्पातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. आई निपाणीच्या ज्या वखारीत तंबाखू निवडायची, तिथल्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला आणि मालाच्या नोंदीचा प्रोग्राम मी लिहून दिला. तो बेसिक भाषेत होता. चालायचा, पण रखडत. म्हणून मी तो सी भाषेत नव्याने लिहिला.

कॅम्पात तो झकास चालला. निपाणीत मात्र पडद्यावर उमटलं, फाईल सापडत नाही. कारण लवकर कळलं. मी फाईलचं नुसतं नाव दिलं होतं, आणि प्रोग्राम ज्या डिरेक्टरीत, म्हणजे फाईलींच्या ज्या कप्प्यात, उभं राहून सुरू करावा, तिथेच ती शोधली जाते. इथले कारकून भलतीकडूनच सुरू करत. मग मी जुन्या प्रोग्राममधला पूर्ण पाथ, म्हणजे फाईलचा सगळा पत्ता, जसाच्या तसा उतरवला: c:\tambaku\nipani.dat.

पुन्हा तेच. फाईल सापडत नाही.

मालक मागे येऊन उभे राहिले. मी डिरेक्टरीची यादी काढून दाखवली, तर त्यात फाईल होती.

"अवो बाई, हितं दिसतीया की! मग हेला का दिसंना?"

जेवणाच्या सुट्टीत आई दाराशी आली. कपड्यांना तंबाखूचा वास, डोळे लाल.

"व्हत न्हाय व्हय गं?"

"तू जा बरं," मी खेकसले.

शेवटी वैतागून तो पाथच पडद्यावर छापून पाहिला. c: नंतर मोठी मोकळी जागा, मग ambaku आणि खालच्या ओळीवर ipani.dat. सी भाषेत उलट्या तिरक्या रेघेपुढचा टी म्हणजे मोकळी जागा, एन म्हणजे नवी ओळ! बेसिकला असलं काही नव्हतं. प्रत्येक रेघ दोनदा लिहिली आणि प्रोग्राम धावला.

मालकांनी पाहिलं आणि म्हणाले, "जुना चालत हुता न्हवं? त्योच ठेवा."

"अहो, हा लई जलद आहे."

"आमाला कसली घाई?"

मी जुना परत घातला. फाटकाशी आई म्हणाली, "घरला चल, चार घास खाऊन जा." मला कुणाशी बोलायचंच नव्हतं. मिळेल ती बस धरली. बेळगावच्या वेशीवरची काकती मागे पडली तरी मी मनातल्या मनात मालकांशी भांडतच होते.