दहा माणसांसमोरचे एक वाक्य

मी यहुदी झालेलो नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या आदिलाबाद भागात नेरडीगोंड्यापासून नार्नूरपर्यंत ही बातमी ज्याला त्याला ठाऊक आहे आणि मला मात्र कोणी विचारलेले नाही. माझे चुलतभाऊ सांगतात की बायको गेल्यापासून गुर्जींचे डोके ठिकाणावर नाही, मोबाईलमधला एक दाढीवाला सांगेल तसे ते वागतात. विहारात दबक्या आवाजात बोलले जाते की बापाने दुसऱ्याच्या शेतावर सालदारकी करता करता धम्म स्वीकारला आणि लेकाने म्हातारपणी दुसराच देव धरला. मी कोणताही देव धरलेला नाही. आयुष्यभर मराठी शाळेत मुलांना पुरावा मागायला शिकवले. माझ्याविषयी बोलणाऱ्यांत माझेही विद्यार्थी आहेत, आणि त्यांनी पुरावा मागितला नाही, याची मला लाज वाटते.

खरे काय घडले ते असे.

निवृत्तीनंतर दुपारी जेवण झाले की मी मोबाईलवर धर्माची प्रवचने ऐकत असे आणि खाली त्यांचे खंडन लिहीत असे. माझी पत्नी म्हणायची, ‘‘बाप्पा, त्या बाबाले माहीत तरी हाये का तुमी त्याच्याशी भांडून राह्यले मनून?’’ बाबाला माहीत असो वा नसो, चुकीचे विधान उत्तराशिवाय राहू नये, असे माझे मत होते. ती गेल्यावर हे काम वाढले. सकाळीही करू लागलो.

अशातच ते रब्बी सापडले. रब्बी म्हणजे यहुद्यांचे धर्मशिक्षक. हे गृहस्थ कोकणातल्या मराठी यहुदी घरात जन्मलेले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर इस्रायलला गेलेले. कोणत्याही प्रार्थनामंदिराच्या नोकरीत नाहीत. घरच्या टेबलाशी बसून, मागे पुस्तकांचे कपाट आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, असे ते आठवड्यातून एकदा मराठीत धडा देतात. आणि ज्याला मनातले बोलायचे असेल त्याच्याशी, तो कोणत्याही धर्माचा असो, वेगळे बोलतात. त्यांची मराठी आजीच्या स्वयंपाकघरात थांबलेली आहे. ‘मानसिक तणाव’ हा शब्द त्यांना ठाऊक नाही. ते ‘जीवाला घोर’ म्हणतात.

त्या दिवशीचा धडा चुकीच्या दुरुस्तीविषयी होता. केलेली चूक मान्य करून ज्याच्या बाबतीत ती केली त्याची समजूत घालावी, असे ते सांगत होते. मी खाली नऊ परिच्छेद लिहिले आणि ‘निवृत्त मुख्याध्यापक’ अशी सही केली. शेवटचा असा: ‘‘ज्याची समजूत घालायची तो मनुष्यच जिवंत नसेल तर आपल्या शास्त्राचे काय? उत्तर द्यावे, अन्यथा हा धडा मागे घ्यावा.’’ इतरांनी असल्या मजकुराला एकतर शिव्या दिल्या असत्या किंवा हात जोडल्याचे चित्र पाठवले असते. यांचे उत्तर आले तीन शब्दांचे.

‘‘कोण गेलं, गुरुजी?’’

पुढे दर मंगळवारी आम्ही बोलू लागलो. पत्नी कशी गेली ते मी त्यांना सांगितले. म्हणजे गावात सगळ्यांना सांगत होतो तेच सांगितले. विहाराच्या जागेची तहसिलीत पेशी, म्हणजे सुनावणी, होती. मी सकाळी मोटारसायकलने उटनूरला गेलो. तिच्या छातीत दुखत होते, पण ती मला काहीच बोलली नाही. मी गेल्यावर तिने बहिणीला फोन केला आणि एकटीच बसस्टॉपवर गेली. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात निघाली होती. बस येऊन गेली. चहाच्या टपरीवरच्या बाईला वाटले की तिला डुलकी लागली आहे. मांडीवर दवाखान्याची फाईल, कापडी पिशवीत गुंडाळलेली, आणि तिच्यावर दोन्ही हात.

तिची धाकटी बहीण, माझी साळी, दवाखान्याच्या गेटवर दुपारपर्यंत उभी होती. तिचे म्हणणे वेगळे होते. थोरल्या बहिणीला ती ‘बाई’ म्हणे. माती दिली त्या दिवशीच ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘बाईनं भाऊजीले सांगतलं व्हतं. हे मने, आल्यावर पाहू. मले फोनवर सांगतलं तिनं.’’ मी तेव्हाच उत्तर दिले की दुःखात माणसाला ऐकलेले आणि न ऐकलेले यांत फरक कळत नाही. उत्तर चांगले होते. लोकांनी मान डोलावली. मुख्याध्यापकाचा शब्द एका बाजूला आणि कापूस वेचणाऱ्या बाईचा दुसऱ्या बाजूला, मग आमच्या गावात निवाडा कसा होणार हे सांगायला नको. वर्षभर तिला जो भेटला त्याने समजावले, ‘‘बाई, काऊन जित्या माणसावर आळ घेते?’’ पुढे तिने बोलणेच सोडले आणि आमच्या घरी येणेही.

रब्बींनी माझी हकीकत तीन मंगळवार ऐकली. चौथ्या मंगळवारी त्यांनी विचारले, ‘‘गुरुजी, एक समजत नाय. घरात नवरा असताना दुखत होतं, तर ती तुमी जाईपर्यंत गप का राहिली?’’

मी फोन बंद केला.

तीन दिवस मनातल्या मनात त्यांचे खंडन करत होतो. शुक्रवारी रात्री उशिरा, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी त्यांना लिहिले: ‘‘ती गप्प राहिली नाही. तिने मला सांगितले होते.’’ आयुष्यात प्रथमच ते लिहिले होते. पाठवले आणि मोबाईल समोर ठेवून बसलो. उत्तर नाही. शनिवारी सकाळी नाही, दुपारी नाही. माझी खात्री झाली की हा माणूस मला किळसला. तेव्हा मी दुसरा मजकूर पाठवला, आणि तो मी येथे लपवीत नाही: ‘‘तहसिलीतला शिपाईसुद्धा दरख्वास्त घेतल्याची सही देतो. आपल्यात तेवढीही माणुसकी नसावी? आपण ढोंगी आहात.’’

शनिवारी रात्री त्यांचाच फोन आला. ‘‘गुरुजी, शुक्रवारचा सूर्य बुडला का आमचा फोन बंद. शनिवारी तारे दिसेपर्यंत हात लावत नाय. तुमी एकटेच बसून होता का रातभर?’’ माझ्या शिव्यांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र ऐकवले की अशी सुट्टी असेल तर तिची सूचना ठळक लावावी. ते म्हणाले, ‘‘लावतो.’’ आणि लावलीही.

मग मी विचारले, ‘‘तुमच्यात अशा माणसाने काय करायचे असते?’’ त्यांना सांगायचे होते म्हणून नव्हे, मी विचारले म्हणून त्यांनी सांगितले. हा भेद गावाने लक्षात घ्यावा. त्यांच्याकडे जुनी चाल आहे. ज्याचा अपराध केला तो वारला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीशी जावे आणि त्यांच्यासमोर बोलावे की मी देवाचा अपराधी आहे आणि या माणसाचा अपराधी आहे. अपराध काय तेही सांगावे.

‘‘मी देव मानत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग तो अर्धा भाग आमचा. तुमी दुसरा अर्धा बोला. आणि त्या आधी बहिणीकडे जा. ती जिवंत आहे, तिला वर्षभर खोटी पाडली तुमी.’’

आमच्या गावच्या बौद्धांत अजून पुष्कळ जण माती देतात. तिचीही ओढ्याकाठच्या जागेत कबर आहे. तेव्हा जागेची अडचण नव्हती. अडचण माझी होती. मी दोन पानांचे निवेदन तयार केले. पहिल्या परिच्छेदात पार्श्वभूमी, दुसऱ्यात पेशीचे महत्त्व, तिसऱ्यात तिच्या पूर्वीच्या दुखण्याचा तपशील, ज्यामुळे त्या दिवशीचे दुखणे नेहमीचेच असावे असा समज होणे कसे स्वाभाविक होते. मंगळवारी रब्बींना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

‘‘मराठी फार सुरेख आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण यात तुमी सुटलात की हो, गुरुजी. वाक्य एकच असतं.’’

नेरडीगोंड्याजवळच्या तिच्या गावी गेलो तेव्हा साळी अंगणात बोंडांतून कापूस वेगळा करत होती. ‘बसा’ म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितले, ‘‘तू सांगत होतीस ते खरे होते. सगळ्यांसमोर तसे सांगणार आहे. तू ये.’’

तिने हात थांबवले नाहीत. ‘‘आता काऊन?’’

‘‘सांगायला हवे म्हणून.’’

‘‘तुमाले हलकं वाटावं मनून मी येऊ? गाडीभाडं देऊन?’’ मग, बोंडाकडेच पाहत, ‘‘पाहीन. तुमच्यासाठी नाई, बाईसाठी.’’

आता त्या सकाळविषयी. माझे चुलतभाऊ सांगतात की मी मोठा कार्यक्रम ठेवला. साफ खोटे. साळी धरून दहा व्हावेत म्हणून मी मोजून नऊ घरी गेलो आणि एवढेच म्हणालो की रविवारी सकाळी हिच्या कबरीशी या, मला काही बोलायचे आहे. पण आमच्याकडे नऊ माणसे बोलावता येत नाहीत, हे मी एवढ्या वर्षांत शिकायला हवे होते. लोकांनी पुण्यानुमोदन, म्हणजे तिच्या स्मरणाचा कार्यक्रम, समजले. ओढ्याकाठी पोहोचलो तर साठ-सत्तर माणसे, बायका पांढऱ्या साड्यांत, मेणबत्त्या, हार, तिच्या फोटोचे बॅनर आणि भाड्याचा माईक. वंदना झाली. मग माझाच एक विद्यार्थी, आता मंडल ऑफिसात कारकून आहे, माईकवर म्हणाला, ‘‘आता आदरणीय गुर्जी आपल्या सुविद्य पत्नीच्या कार्यावर दोन शब्द बोलतील.’’

माझ्या हातात माईक आला आणि मी सत्य तेच सांगतो: मला फार बरे वाटले. समोर गर्दी, सगळे माझ्याकडे पाहत आहेत, आणि तिच्या कष्टांवर मी अर्धा तास बोललो असतो तर एकही डोळा कोरडा राहिला नसता. घरी जाताना लोक म्हणाले असते, कसा नवरा मिळाला होता. मी सुरुवातही केली. ‘‘तिने आयुष्यभर...’’ म्हणालो आणि बाभळीखाली, सगळ्यांच्या मागे, साळी उभी दिसली. पांढरी साडी नव्हती. कामाचीच साडी होती.

मी माईक खाली ठेवला. कबरीकडे वळलो. ‘‘तिने मला सांगितले होते,’’ म्हणालो. ‘‘छातीत दुखते आहे, दवाखान्यात चला, असे तिने मला सांगितले होते. मी नेले नाही. आणि तिची बहीण खरे बोलत होती, तिला मी वर्षभर खोटे पाडले. मी दोघींचा अपराधी आहे.’’

माईक नसल्याने मागच्यांना ऐकू गेले नाही. ‘काय मनले, काय मनले’ असे सुरू झाले. पुढच्यांनी मागे सांगितले, त्यांनी आणखी मागे. त्यातूनच आजच्या साऱ्या हकीकती निघाल्या आहेत. कोणी एक म्हणाला, ‘‘गुर्जी, दुःखात माणूस स्वतःवर घेते, बसा तुमी.’’ मी त्याच्यावर ओरडलो की मी दुःखात बोलत नाही, पुराव्याने बोलतो. तोही माझा विद्यार्थी होता. बाकीचे हळूहळू पांगले. हार कोणी घातले, कोणी तसेच हातात घेऊन गेले.

साळी पुढे आली. मला वाटले शिव्या देईल, आणि मी तयार होतो. ती कबरीशी बसली, वाळलेले गवत उपटत राहिली. मग म्हणाली, ‘‘फोनवर ती आणखी काहीतरी सांगत व्हती. रडून राह्यली व्हती, मले समजलं नाई. तुमाले काय मनली ते पुरं सांगा.’’

हे मी रब्बींनाही सांगितलेले नव्हते. दोन पानांच्या निवेदनातही नव्हते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो आणि सांगितले. मोटारसायकल सुरू केली तेव्हा ती दारात आली, गाडीच्या आरशाला धरले आणि म्हणाली, ‘‘एकटीनं जाईन मी, पण स्टॉपपावतर तरी सोडा. मले भेव लागून राह्यलं.’’

‘‘मंग?’’ साळी म्हणाली.

‘‘मी म्हणालो, भेव लागते तर घरी बस.’’

तिने उपटलेले गवत खाली ठेवले. रडली नाही. उठली, पदर झटकला आणि बसस्टॉपच्या वाटेने चालू लागली. मी उठलो आणि तिच्या मागून म्हणालो, ‘‘चल, गाडीवर सोडतो.’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. मागे वळली नाही. ‘‘जाईन मी.’’