घरी माणूस वाट बघतंय

एका भल्या माणसाची राहती खोली माझ्यामुळे गेली. भांडण नाही, मारामारी नाही. एक शब्द मी माझ्या मनाला हवा तसा ऐकला आणि पुढे चालवला, एवढंच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच चांगला समजणार नाही.

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी कारकून आहे. ज्यांची खोली गेली ते तिथेच मशीनवर होते. संध्याकाळी पाळी संपली की नळावर हात धुवायचे, पिशवीतून खोबरेलाची छोटी बाटली काढायचे आणि एकेका बोटाला तेल लावायचे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, नखांच्या कडांनासुद्धा. बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्यांचे हात तुम्ही पाहिले असतील, पांढरट, भेगाळलेले. यांचे हात मात्र नुकत्याच न्हालेल्या मुलासारखे. दहाही बोटं झाली की बाटलीचं बूच घट्ट लावून म्हणायचे, "चला, जातो. घरी माणूस वाट बघतंय."

सहा म्हणजे सहा. धक्क्याला ट्रॉलर लागलेले असोत, बर्फासाठी गाड्यांची रांग असो, दुसऱ्या पाळीचा माणूस आला की हे निघालेच.

वय पंचावन्नच्या पुढे. गाव संगमेश्वरकडचं, निम्मं आयुष्य मुंबईत गेलेलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मग हे माणूस कोण?

हमाल त्यांना छेडायचे. "कोण ओ हे माणूस? आम्हाला दाखवा की एकदा!"

"हाय आपलं एक. जुनंच हाय."

"बरं दिसतं काय?"

"आजारी होतं ओ. आता सुधारलंय. पण लाडावलंय जरा. सगळं गरम गरम लागतं त्याला."

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते झोंबायचं.

कारण मला कोणी विचारलं, "तुमचं कसं काय?" तर माझं उत्तर ठरलेलं असायचं, "माझं काय, चालतंय." दुपारी टपरीवर उभ्याउभ्या वडापाव. मधुमेहाच्या गोळ्या टेबलाच्या खणात, खण उघडला तर आठवायच्या. संध्याकाळी पाय सुजायचे, ते मी बायकोला दाखवायचो, जणू काही मेडलच मिळालं आहे. घरासाठी झिजतोय असं मला वाटायचं आणि ते सगळ्यांनी बघावं असंही वाटायचं. घरी पोचावं तर आई झोपलेली, मुलं मोबाइलमध्ये, बायको आतून म्हणायची, "झाकून ठेवलंय." मी कधी सातला यायचो, कधी नऊला. कोणी किती दिवस वाट बघणार? पण हे आज कळतं. तेव्हा एवढंच दिसायचं की माझ्या घरी चार माणसं आणि वाट बघणारं माणूस मात्र त्यांच्या घरी.

दुपारी ते डबा उघडायचे तेव्हा आधी स्वच्छ धुतलेला रुमाल अंथरायचे. मऊ भात, कुळथाची पिठी, लिंबाच्या लोणच्याची एक फोड. एकदा मी वडापाव खात त्यांच्यासमोरून गेलो तर म्हणाले, "बसा ओ जरा. जेवण काय पळतंय?"

"तुम्हाला वेळ आहे," मी म्हटलं. "आम्हाला संसार आहेत."

त्यांनी जेवण संपवलं. डबा धुतला, रुमाल झटकला, दहा मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि परत मशीनवर गेले.

मग तो बाजारातला दिवस. मी त्यांच्या मागेच उभा होतो, त्यांना दिसलो नाही. त्यांनी एकच सरंगा घेतला, पण निवडून निवडून. कोळणीला म्हणाले, "नीट साफ कर गो. काल माणसाला काटा लागला." पुढे दोन सोनचाफ्याची फुलं घेतली. मग एक मऊ पंचा, गालाला लावून पाहून. कोणासाठी एवढं? आमच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी घरी एक फूल नेलं नव्हतं, आणि मला राग आला तो त्यांचा.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "त्यांच्या खोलीवर कोणी बाई असते म्हणे."

हे "म्हणे" फार सोयीचं आहे. आपण बोलायचं आणि शेवटी "म्हणे" लावायचं, की ते आपलं राहत नाही, गावाचं होतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातही मी तेच "म्हणे" लावून तेच बोललो. त्यांची घरमालकीण निवृत्त शिक्षिका, माझ्या बायकोच्याच भजनी मंडळात. त्या बाईंच्या कानावर जायला आठ दिवस लागले नाहीत.

बाईंनी त्यांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, "बाई, खोलीत मी एकटाच असतो."

"मग घरी माणूस आहे म्हणून कोण सांगत फिरतं? तुम्हीच ना?"

"मीच," ते म्हणाले. बाईंनी महिनाअखेर खोली सोडायला सांगितली.

सामान न्यायला कारखान्याच्या मालकांनी टेंपो दिला आणि सोबत मला पाठवलं. मलाच. खोलीत पाऊल टाकलं आणि उभाच राहिलो. एक पाट. एक ताट. एक तांब्या, त्यावर एकच भांडं. एका माणसाचं अंथरूण, चादरीला सुरकुती नाही. खिडकीत काचेच्या पेल्यात सोनचाफा. बाई दारातून कपड्यांची दोरी न्याहाळत होत्या. हळूच मला म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचं काहीच नाही हो यात."

त्यांनी ते ऐकलं. पाट पुसता पुसता म्हणाले, "दुसरं कोण नाय, बाई. बायको गेली तेव्हा वर्षभर मी टोपातूनच खायचो, उभ्यानं. अंघोळ केली तर केली. एक दिवस रस्त्यात पडलो. इस्पितळात नर्सबाईनं विचारलं, घरी तुम्हाला बघायला कोण माणूस आहे? म्हटलं, कोण नाय. ती म्हणाली, तुम्ही आहात ना? मग त्या माणसाला नीट बघा. तेव्हापासून बघतो."

बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं. राहा तुम्ही इथेच."

"नको बाई. आता हितं त्या माणसाला जेवण जायचं नाय."

मी काय केलं? मी गादीची वळकटी उचलली आणि टेंपोत नेऊन ठेवली.

त्यांनी नोकरीही सोडली. दापोलीकडे कलमांच्या एका रोपवाटिकेत कामाला राहिले, असं कळलं. कारखान्यात सहा वाजले की नळाकडे माझी मान वळायची. हमालांपैकी कोणीतरी त्यांच्या आवाजात म्हणायचं, "घरी माणूस वाट बघतंय," पण हसायचं कोणी नाही. मी दुपारी बसून जेवायला लागलो. गोळ्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या. तेवढ्यानं पायाची सूज उतरली. दुसरं काही उतरलं नाही.

दोन वर्षांनी एका रविवारी एसटीनं दापोलीला गेलो. रोपवाटिकेच्या मागे त्यांची खोली. बाहेर कट्ट्यावर बसून ते बोटांना तेल लावत होते. मला पाहून म्हणाले, "या ओ! इतक्या लांब?"

वाटेत घोकलेलं मी म्हणून टाकलं, "तेव्हा लोक काहीबाही बोलले. त्याचं फार वाईट वाटतं."

"लोक ना," ते म्हणाले. त्यांनी करंगळी पुरी केली, बाटलीचं बूच लावलं. मग उठले. "थांबा, आतल्या माणसाला विचारून येतो." आत गेले, लगेच बाहेर आले. "जेवून जावा म्हणतंय."

मला हसू आलं आणि मी चपला काढल्या.

पाट एकच होता, तो त्यांनी मला दिला. ताटही एकच. तेही माझ्यापुढे मांडलं, त्यात वाफाळता भात, वर कुळथाची पिठी, कडेला लोणच्याची फोड. स्वतः जमिनीवर बसले आणि टोपावरचं झाकण उलटं करून त्यात वाढून घेतलं. ज्या ताटात त्यांनी इतकी वर्षं स्वतःला मानानं वाढलं होतं, त्याला माझा हात लागेना.

"जेवा ओ. निवतंय."

"थांबा," मी म्हटलं. "लोक नाही बोलले. मी बोललो. पहिल्यांदा मीच बोललो आणि त्याला 'म्हणे' लावलं. तुमची घरी कोणीतरी वाट बघतं याचा मला हेवा वाटत होता. मला माफ करा."